देव निजतो तेव्हा फुलणारे फूल



नित्याची रीत अशी की निरूपणास संतांचा एखादा अभंग घ्यावा, त्याची चरणे एकामागून एक उलगडीत जावे आणि अखेर नामाच्या गजरात सेवा रुजू करावी. या वेळी वाचक वारकरी मंडळींची क्षमा मागून तसे करीत नाही. निरूपणास अभंग घेतलेला नाही, एक फूल घेतले आहे. तेही मोगरा, जाई, जुई अशा मोठ्या घरचे नव्हे. उघड्या कातळावर, बोटभर मातीत, महिना-दीड महिना फुलून जाणारे रानफूल. असे का, ते पुढे ओघाने येईल. त्यात माझा एक अपराधही आहे, तो सांगितल्यावाचून हे निरूपण पुरे व्हावयाचे नाही.

प्रथम एक शंका मांडतो. आपण वारकरी वर्षातून दोन मोठ्या वाऱ्या करतो, आषाढी आणि कार्तिकी. आळंदीहून ज्येष्ठ वद्यात निघालेली माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर या मार्गाने पंढरीस जाते. तो मुलूख तुम्ही पायांनी ओळखता. सह्याद्रीने पाऊस अडवून धरल्यामुळे पूर्वेकडे ही कोरडी पट्टी झाली आहे. माण, खटाव, माळशिरस, सांगोला, कोठेही पाहा, माळच माळ. मुरूम, दगड, बाभळ, तरवड, निवडुंग. आता मला सांगा, आषाढात आपण त्या माळावरून चालतो तेव्हा तेथे फूल किती दिसते? तरवडाचे पिवळे झुबके कोठे कोठे दिसतील. बाकी सारे बी होऊन आपल्या पायांखाली पडलेले असते. कार्तिकात पुन्हा चालतो तेव्हा गवत पिवळे पडलेले, फूल सरलेले, नवे बी भुईत उतरलेले. म्हणजे रानाचा जो खरा बहर, श्रावण, भाद्रपद आणि आश्विन, तो नेमका आपल्या दोन वाऱ्यांच्या मधल्या काळात येतो आणि जातो. वारकरी एका वेळी लवकर पोचतो, दुसऱ्या वेळी उशिरा.

आणि त्याहून मौज पाहा. आषाढ शुद्ध एकादशी ही शयनी आणि कार्तिक शुद्ध एकादशी ही प्रबोधिनी. पुराणांच्या मते या चार महिन्यांत भगवान क्षीरसागरी शेषावर निजलेले असतात. मग ही कोट्यवधी फुले फुलतात ती कोणाच्या डोळ्यांसाठी? देव निजलेला, भक्त घरी परतलेला. माळावर माणूस नाही. असे असून सगळा माळ पिवळा, जांभळा, निळा होऊन उभा राहतो. याचा हिशेब कसा लावावयाचा? ही शंका शास्त्र्याची वाटेल, पण मला ती पोथीत सुचली नाही.

मी पाठशाळेत शिकलेला माणूस. लहानपणी अमरकोश पाठ केला, पुढे काव्ये वाचली. आम्हांला फुले शिकविली ती काव्यातली. अशोक केव्हा फुलतो? सुंदर स्त्रीने त्याला नूपुर घातलेल्या पायाने स्पर्श केला म्हणजे. बकुळ केव्हा फुलतो? तिने मद्याची चूळ त्याच्यावर टाकली म्हणजे. हे कवींचे संकेत. कालिदासाने मेघदूतात आणि मालविकाग्निमित्रात ते सुंदर योजले आहेत. कीर्तनात हे सांगितले की श्रोते हसतात, माना डोलावतात, आणि मी कितीतरी वर्षे तेवढ्यावर संतोष मानीत आलो. ज्या फुलाची ओळख गुरुजींना नसे तेथे ते सांगत, ‘पुष्पविशेषः’. एक प्रकारचे फूल. झाले! आम्ही लिहून घेत असू, एक प्रकारचे फूल, आणि पुढल्या श्लोकाकडे वळत असू.

मेघदूताच्या आरंभी यक्ष मेघाला अर्घ्य देतो ते कुटजाच्या ताज्या फुलांचे. हा श्लोक मी शेकडो वेळा म्हटला असेल. कुटज म्हणजे पुष्पविशेष! पुढे चाळिशीत असताना मुरबाडकडे एका सप्ताहाला गेलो. यजमानांच्या परसात पांढऱ्या फुलांचे झाड होते, आणि घरातली बाई त्याच्या फुलांची भाजी निवडीत होती. मी विचारले, “माऊली, ही कसली भाजी?” ती म्हणाली, “कुड्याची फुलं, महाराज. पोटाला बरी.” कुडा! आमच्या वैद्यांचे कुटजारिष्ट ज्याच्या सालीपासून होते तो कुडा. म्हणजे कुटज तो हाच. ठाणे जिल्ह्याच्या प्रत्येक डोंगरावर जो उभा आहे, ज्याच्या बुंध्याला मी लहानपणी पाठ घासली असेल, त्याला मी वीस-पंचवीस वर्षे ‘पुष्पविशेष’ म्हणत होतो.

घरी येऊन पुन्हा मेघदूत काढले. तेव्हा समजले की कविकुलगुरूने तेथे कमळ का घातले नाही. यक्ष शाप भोगीत रामगिरीवर पडलेला. त्याच्यापाशी बाग नाही, माळी नाही, धन नाही. डोंगरावर त्या दिवसांत जे रानोमाळ फुलते तेच त्याने ओंजळीत घेतले. अमरकोश कुटजाला गिरिमल्लिका म्हणतो, डोंगरातली मोगरी. एवढ्या मोठ्या काव्याची पहिली पूजा रानफुलाने झाली आहे. कालिदासाने डोळे उघडे ठेवले होते, मिटले होते ते आम्ही पंडितांनी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. 2024 च्या भाद्रपदात वद्य एकादशीला डोंबिवलीत माझी कीर्तनसेवा होती. एका मोठ्या गृहसंकुलाचे सभागृह. मंडळी भाविक, व्यवस्था उत्तम, दोनशे खुर्च्या मांडलेल्या. त्या संध्याकाळी पाऊस मी म्हणत होता, लोकलगाड्या रखडलेल्या, घरी पोचलेला माणूस पुन्हा बाहेर पडावयास तयार नाही. मी वीणेकऱ्याच्या पुढे उभा राहिलो आणि मोजले. होय, मोजले, खोटे कशाला सांगू? चौदा माणसे. त्यांत टाळकरी सहा, मृदंगी एक, वीणेकरी एक. राहिले सहा. त्या सहांतील दोघे मोबाईलमध्ये पाहत होते आणि एक आजोबा निजले होते.

नामदेवरायांचा अभंग घेतला होता. पहिले चरण मनापासून मांडले. दुसऱ्या चरणाला मनात आले, हे कोणासाठी? तिसऱ्या चरणाला दृष्टांत आवरता घेतला. शेवटचे चरण सांगितलेच नाही. पावसाचे निमित्त केले, गजर केला आणि आरती घेतली. वेळेआधी पाऊण तास मोकळा झालो. मनात एक निश्चयही केला की पुढल्या वर्षापासून अशा ठिकाणची सेवा घ्यावयाची नाही. वय झाले, गळा थकला, ऐकणारे राहिले नाहीत. ही भाषा माझ्या वयाच्या पुष्कळ कीर्तनकारांच्या तोंडी असते, आणि ती अगदीच खोटीही नाही.

बाहेर पडताना फाटकाशी पहारेकरी उभा होता. निळा गणवेश, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, गळ्यात माळ. माझ्या पाया पडला. मी त्याच्या पाया पडलो, ही आपली रीत. तो हळूच म्हणाला, “महाराज, शेवटचं चरण राह्यलं जणू.”

मला काही सुचेना. मी म्हटले, “पाऊस फार आहे, माऊली. पुन्हा केव्हातरी.” तो म्हणाला, “हां, पाऊस तर हायेच,” आणि त्याने फाटक उघडले. सभागृहातल्या माणसांची मोजदाद मी केली होती. फाटकाशी भोंग्याखाली उभा राहून चारही चरणांची वाट पाहणारा माझ्या मोजणीत नव्हता.

रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे सोडून आम्ही निघालो. आमच्या मृदंग्याने गाडी आणली होती. ओतूरला बाबाजी चैतन्यांच्या समाधीचे दर्शन फार दिवस मनात होते. तुकोबारायांचे गुरू ते हेच, अशी आपली श्रद्धा. तेथून आळे गाव जवळ. माउलींनी ज्याच्या मुखाने वेद वदविले त्या रेड्याची समाधी तेथे आहे. कल्याणहून मुरबाड, टोकावडे, माळशेज घाट असा हा रस्ता. घाटाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा पाऊस उघडला होता. मृदंगी म्हणाला, “महाराज, वाट जराशी वाकडी करून नाणेघाटाच्या माथ्यावर जाऊ. या दिवसांत तिथं बघण्यासारखं असतं.” मला उत्साह नव्हता, पण तरुण माणसाचा शब्द मोडवेना. गणेशखिंडीने जुन्नर, आणि तेथून घाटघर.

नाणेघाट म्हणजे आपल्या कल्याणचा जुना दरवाजा. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातून माल याच वाटेने जुन्नरला चढत असे. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण अजून माथ्यावर आहे. थोडे खाली उतरले की सातवाहनांची गुहा. तिच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत मोठा प्राकृत लेख कोरलेला आहे. नागनिका राणीचा म्हणून तो ओळखतात. त्यात केलेल्या यज्ञांची, दिलेल्या गाईंची आणि नाण्यांच्या दक्षिणेची भली मोठी यादी आहे. आरंभीच्या वंदनात संकर्षण आणि वासुदेव यांची नावे आहेत. वारकऱ्याने हे ध्यानात ठेवावे. पुंडलिकाच्या विटेची कथा आपण सांगतो, आणि त्याच वासुदेवाचे नाव सह्याद्रीच्या दगडावर इतक्या जुन्या काळी कोरले गेले. गुहेत राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही होत्या. आज वर नावे शिल्लक आहेत आणि खाली पायांच्या खुणा. मधली सारी शरीरे गेली. मी त्या पायांकडे बराच वेळ पाहत राहिलो. काल मी खुर्च्या मोजल्या होत्या!

मग वर आलो आणि माळ पाहिला.

काय सांगू? वर्णन करावयास उभा राहिलो तर पुन्हा काव्यातले शब्द येतील, म्हणून पाहिले तेवढेच सांगतो. जीवधनच्या पायथ्यापासून कड्याच्या टोकापर्यंत सगळे पिवळे. वीतभर उंचीची रोपे, प्रत्येकावर लहान लहान पिवळी फुले, वारा आला की सारा माळ एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळतो. मधूनच तेरड्याचा गुलाबी पट्टा. जेथे कातळावरून पाणी पाझरत होते तेथे वाकून पाहिले तर नखाएवढी निळी-जांभळी फुले, देठ दोऱ्यासारखा. खाली माती म्हणावी अशी नाहीच. मार्गशीर्षानंतर हाच कातळ उघडा पडतो, आणि चैत्र-वैशाखात पाय ठेववणार नाही इतका तापतो. आठ महिने मरुभूमी आणि चार महिने हे असे.

गुरे वळणारी एक बाई इरले घेऊन उभी होती. मी विचारले, “माऊली, या पिवळ्या फुलाला काय म्हणता?”

“सोनकी. येवढंबी ठावं नाय, बाबा?”

“नाही, माऊली. पोथीत नव्हतं.” मग मी खुळ्यासारखे विचारले, “ही एवढी पेरली कोणी?”

ती हसली. “पेराया माती कुठं हाय?”

निळ्या फुलाला सीतेची आसवे म्हणतात, हेही तिनेच सांगितले. वनवासात सीतामाई रडली, तिचे अश्रू जेथे पडले तेथे हे फूल उगवते, अशी कथा. पुढे घरी आल्यावर एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारले, तेव्हा त्यांनी निराळेच सांगितले. म्हणाले, कातळावर नत्र नाही, म्हणून हे रोप आपल्या पाण्यातल्या भागावर मोहरीहून लहान अशा पिशव्या बाळगते आणि त्यांत सूक्ष्म जीव ओढून घेऊन पचविते. म्हणजे मांसाहारी! सीतामाईच्या आसवांना मांसाहारी म्हणावयास माझी जीभ वळत नाही. परंतु जे आहे ते आहे. ज्या जागी पोट भरण्याचा दुसरा मार्ग ठेवला नाही त्या जागी तो एक मार्ग ठेवला, आणि त्याच्यावर इतके नाजूक निळे फूलही ठेवले. भगवंताच्या कारभारात आपण शाकाहाराची घटना लिहावयास जाऊ नये.

त्याच प्राध्यापकांनी साताऱ्याजवळच्या कासच्या पठाराची गोष्ट सांगितली. तेथे जांभ्याच्या सड्यावर अशीच फुले येतात; 2012 साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर ते जागतिक वारशात गेले. आता तेथे गर्दी इतकी लोटते की शुल्क घेऊन मोजकीच माणसे आत सोडावी लागतात. माणसे फुलांत बसून छायाचित्रे काढतात आणि उठतात तेव्हा खाली वर्षभराचे बी चिरडलेले असते. यावर अधिक बोलत नाही. वारकऱ्याला इतकेच सांगणे आहे की आपला देव तुळशीच्या माळेवर संतुष्ट आहे. त्याच्या नावाने माळावरचे फूल ओरबाडून आणण्याचे कारण नाही. आमच्या ठाणे-कल्याणकडे गौरीला तेरडा मुळासकट आणतात, मुळे ही गौरीची पावले मानतात. तो कुळाचार आहे, त्याला माझी ना नाही. पण तोही हवा तेवढाच आणावा.

त्याच वर्षी ठाण्याच्या येऊरच्या डोंगरात कारवी फुलली होती. लोक म्हणतात सात वर्षांनी फुलते. जाणकार सांगतात, आठव्या वर्षी. त्याआधीचा बहर 2016 चा. डोंगराडोंगराचे साल निराळे असते. सात वर्षे नुसती हिरवी काठी. आदिवासी तिचे कूड विणतात, वर माती लिंपतात, झाली घराची भिंत. आणि मग एका भाद्रपदात सारी टेकडी जांभळी. फुलली की ती काठी वाळते, मरते. पुढे बोंडे तडकून बी उडते आणि पावसाळ्यात पुन्हा पहिले वर्ष सुरू होते. येऊरच्या पायथ्याशी लाखो माणसे राहतात. वर काय चालले आहे हे त्यांतल्या कितीजणांना कळले असेल? कारवीने त्यांची वाट पाहिली नाही.

आता येथे पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो बळकट आहे. कोणी म्हणेल, महाराज, तुम्ही फुलाला निष्काम ठरवू पाहता. पण फूल निष्काम कोठे आहे? ते फुलते कीटकासाठी. रंग मधमाशीला बोलावण्यासाठी. मध ही त्याने दिलेली दक्षिणा. त्याला बी धरावयाचे आहे, वंश चालवावयाचा आहे. मग तुमचा दृष्टांत लंगडा पडला.

खरे आहे. मी हे मान्य करतो. फूल निष्काम असते असे मी पूर्वी कीर्तनात पुष्कळदा सांगितले आहे, ते आता सांगणार नाही. पण आपस्तंबांच्या धर्मसूत्रात एक दृष्टांत आहे. आंब्याचे झाड लावावयाचे ते फळासाठी; सावली आणि सुगंध त्याच्या मागोमाग येतात. तेथे तो दृष्टांत धर्म आणि अर्थ यांच्या संबंधात दिला आहे. मी तो येथे लावतो. सोनकीचे काम बी धरण्याचे. पावसाळा सरण्याच्या आत, बोटभर मातीत, ते तिला उरकावयाचे आहे. ते काम ती पुरे करते. तुम्हां-आम्हांला दिसणारे सौंदर्य ही त्या कामाची सावली. काम अर्धे टाकले असते तर सौंदर्यही अर्धेच राहिले असते. माणसे किती आली हे तिच्या हिशेबात नाही. एक माशी जरी आली तरी तिच्यापुढे फूल पुरते उघडलेले असावे लागते. पाऊण फूल उघडून भागत नाही.

संतांची वाणी सुंदर आहे हे सगळे जग सांगते. विद्यापीठांत तिच्यावर प्रबंध होतात. पण सावतोबांनी अरणच्या मळ्यात बसून सुंदर बोलण्याचा विचार केला होता काय? ते मोट हाकीत होते, भाजी लावीत होते. जे हातात होते त्याच्यातून नाम घेतले, आणि ते बोलणे सुंदर झाले. तुकोबाराय भंडारा आणि भामचंद्र डोंगरांवर जाऊन बसत ते काही बागेत बसत नव्हते. ते डोंगर उघडे-बोडके, देहूहून पाहा केव्हाही. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेला तो माणूस. तेथे ऐकावयास कोण होते? दोनशे खुर्च्या कोणी मांडल्या होत्या? आज कवी, चित्रकार, गायक म्हणतात की आम्हांला रानफुलांपासून स्फूर्ती मिळते. मिळत असेल, आनंद आहे. ती नुसत्या रंगांची स्फूर्ती असेल तर रंग डब्यातही मिळतात. कातळावर उभे राहून पुरते फुलण्याची स्फूर्ती मिळाली तर ती संतांच्या जवळची.

राहिली ती पहिली शंका. देव निजलेला असता फुले कोणासाठी? गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी ऋतूंमध्ये वसंत ही आपली विभूती सांगितली आहे. मग भाद्रपदाचे काय? त्याच अध्यायाच्या शेवटी ते सांगतात की माझ्या विभूतींना अंत नाही, ही थोडक्यात सांगितली. म्हणजे भाद्रपदाला वाव ठेवलेलाच आहे. आणि निजण्याविषयी म्हणाल तर पंढरीची रीत आठवा. शयनी एकादशीला सारी पुराणे देवाला निजवितात, आणि नेमक्या त्या यात्रेत पंढरपुरात देवाचा पलंग काढून ठेवलेला असतो! वारकरी आला आहे म्हणून देव रात्रंदिवस विटेवर उभा. यात्रा पांगल्यावर प्रक्षाळपूजा होते, देवाचा शीण काढतात, आणि मग शेजारती. आता ज्याला एका वारकऱ्यासाठी निजवत नाही त्याला कोट्यवधी फुले उभी असताना झोप लागत असेल हे मला पटत नाही. पंडितांनी मला याला प्रमाण विचारू नये. प्रमाण नाही. मी नाणेघाटच्या माथ्यावर उभा होतो, एवढेच.

उशीर झाला होता, तरी ओतूर केले, आळ्यास गेलो. रेड्याच्या समाधीपुढे मृदंग्याने विचारले, “महाराज, खरंच रेडा वेद बोलला असेल का हो?” एरवी मी त्याला मोठे उत्तर दिले असते. त्या दिवशी म्हटले, “बाबा, आजच्या दिवसात तू कातळ फुललेला पाहिलास. मला आणखी काय विचारतोस?” तो गप्प झाला. पटले की नाही, ठाऊक नाही; आजकालची मुले गप्प बसतात ती पुष्कळदा आदराने.

परतीला माळशेज उतरताना पुन्हा पाऊस लागला. कल्याणला पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. मृदंगी माझ्या घराकडे गाडी वळवू लागला. मी म्हटले, “डोंबिवलीला चल.” तो म्हणाला, “काही विसरलं का तिथं?” मी म्हटले, “हो.”

तोच पहारेकरी फाटकाशी होता. रात्रपाळी. मला पाहून गडबडला, वर सभागृहाकडे पाहू लागला की आज काही कार्यक्रम आहे की काय. मी सांगितले, “माऊली, काल शेवटचे चरण राहिले होते. ते घेऊन आलो आहे.”

त्याने आपले स्टूल पुसून मला दिले आणि स्वतः पायरीवर बसला. गावाचे विचारले तर माण तालुक्यातला निघाला. जिराईत जमीन, पाऊस नाही, म्हणून इकडे नोकरीला आलेला. दोन वर्षे वारी चुकली होती. ड्युटी सोडता येत नाही. मी त्याला सोनकीचे सांगितले. तो म्हणाला, “आमच्याकडं तरवड असतोय, महाराज. दुस्काळात जनावरं वैरणीवाचून मरत्यात, पर त्याच्याकडं शेळीबी तोंड वळवत न्हाई. त्यो फुलतोयच.”

मग मी चरण घेतले. टाळ नाही, वीणा नाही. मृदंग गाडीत होता, पण शेजारपाजारचे लोक निजावयाच्या तयारीत, म्हणून मृदंग्याने गुडघ्यावर ठेका धरला. काल जो दृष्टांत आवरता घेतला होता तो पुरता सांगितला. त्यात गाडी आली. तो उठला, फाटक उघडले, गाडी आत घेतली, वहीत वेळ टिपली, फाटक लावले. परत आला तो पुन्हा दुसरी गाडी. पुन्हा उठला. असे तीन वेळा झाले. पाऊस पत्र्यावर वाजत होता. तिसऱ्या वेळी टोपीतले पाणी झटकून तो पायरीवर बसला, हात जोडले आणि म्हणाला, “हां महाराज, कुठवर आल्तो आपण?”